बुरुडेवाले नागोजीअण्णा

खोकं जागेवर न्हाई. बाळाचं खोकं जागेवर न्हाई! घासलेटचा डबा उंबऱ्यावरच माझ्या हातातून सुटला, अर्धं घासलेट पायावर सांडलं, पण माझं लक्षच न्हाई तिकडं. भिंतीला टेकवलेला पाट हुता, पाटावर खोकं हुतं, खोक्यात माझी वीस दिवसांची पोरगी हुती. आता नुसता पाट. वरचा बल्ब वायरीला लोंबकळतोय, विझलेला. करंट गेलेला.

"जयम्मा! जयम्मा, बाळ कुठाय?"

जयम्मा म्हणजे घरमालकीण. तिच्या भरवशावर मी बाळ ठेवून रांगेत गेले हुते. ती अंगणात आली, केस ओले, पदराला हात पुसत. माझ्याकडं बघितलं, रिकाम्या पाटाकडं बघितलं आन् म्हणाली, "त्यानं नेलं. सातव्या खोलीवाल्यानं."

सातव्या खोलीवाला म्हणजे नागोजीअण्णा. ते नाव ऐकलं आन् मी पळत सुटले. का पळाले ते तुम्हाला आधी सांगायला पायजे, न्हाईतर तुम्ही म्हणाल ही बाई येडीच हुती. मी सातवीपर्यंत शिकलेली, मला नीट लावून सांगता येत न्हाई, जसं आठवतंय तसं सांगते.

आम्ही निपाणीकडचे. लग्न झालं आन् ह्यांच्यासंगं बेंगळूरला आले, हे लॉरीवर ड्रायव्हर, चार दिवस घरी तर दहा दिवस बाहेर. चिकपेटच्या मागच्या गल्लीत एका वठारात खोली मिळाली. वठार म्हणजे तिकडं ओळीनं खोल्या असतात, मधे अंगण, सगळ्यांत एक नळ. सात खोल्या, सगळे कन्नड बोलणारे. मराठी बोलणारं माणूस एकच, नागोजीअण्णा. मला पहिल्या दिवशी वाटलं, देवच पावला. मग दोन दिवसांनी भीती वाटाय लागली.

माणूस पंचावन्नचा असेल. काटकुळा, खाकी पॅण्टीला रोज इस्त्री, कानावर पेन्सिल, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. त्यांची मराठी आपल्यासारखी न्हाई, दर दुसरा शब्द कन्नड, बाईमाणसाला तिकडच्यासारखं मा म्हणायचे. मी विचारलं, अण्णा तुम्ही कुठले? तर म्हणाले, "इथलेच मा. घराणं इथं येऊन तीनशे वर्षं झाली. कन्नडात हिशेब करतो, कन्नडात भांडतो. भूक लागली की मात्र मराठी येते." आन् हसले. हसताना आवाज येत न्हवता, नुसते खांदे हलायचे. मला ते आवडलं न्हाई. आवाज न करता हसणारा माणूस आमच्याकडं चांगला समजत न्हाईत.

ते एका कारखान्यात फिटर हुते. तिथं परदेशातनं आलेली ड्रिलं हुती, वायर नसलेली, खाली मुठीत बॅटरी बसवायची आन् भोकं पाडायची. ती बॅटरी दमली की कारखाना टाकून द्यायचा आन् अण्णा साहेबाला विचारून घरी आणायचे. काळी, जड, अर्ध्या विटंएवढी, वर दोन पितळी जिभा. त्यांच्या खोलीत अशा विटा मांडणीवर ओळीनं, देवासारख्या. कशाकशाला लावायचे त्या! रेडिओला लावली, दाराच्या घंटीला लावली, मोटारीतला एक छोटा पंखा हुता त्याला लावली. सगळीकडं एक लाल वायर, एक काळी वायर. मी लाल-काळे दोरे बघितलेत ते वेगळ्या कामाला, तिठ्यावर, लिंबाबरोबर. माझ्या डोक्यात ते बसलं ते बसलंच.

एकदा मी आठवा महिना घेऊन नळावर चाललेले, तर अण्णा दारात बसून एक वीट सुरीनं उकलत हुते. आत दहा बारके डबे, एकाला एक चिकटलेले. मी म्हणलं, "काय करताय अण्णा?"

"एक मेलंय मा ह्यात."

"मग टाकून द्या की."

त्यांनी मान वर केली, चष्म्यातनं माझ्याकडं बघितलं. "एक मेलं म्हणून दहा पुरतात काय मा?"

आता मला माहीताय ते सेलांबद्दल बोलत हुते. मेलेला काढायचा, जिता असेल तो ठेवायचा, नवा जोडायचा. पण तेव्हा माझा हात पोटावर गेला आन् मी तशीच माघारी फिरले, घागर रिकामीच.

दुसरी सवय. चार्जरला लावलेली वीट झाली का न्हाई बघायला ते ती गालाला लावायचे. डोळे मिटून. भरली की ऊब येते म्हणे तिला. पण लांबनं बघणाराला कसं दिसेल सांगा, एकटा माणूस अंधाऱ्या खोलीत काळी वीट गालाला लावून उभा! जयम्मा म्हणायची, बोलतोय तो तिच्याशी. मी विचारलं तर अण्णा म्हणाले, "बोलत न्हाई मा, ऐकतो. अर्ध्या पोटी असली तर वाढायचं न्हाई. रोज अर्धंच वाढलं तर तिला अर्धंच आठवतं, पुढं पूर्ण जेवता येत न्हाई. आधी पूर्ण उपाशी, मग पूर्ण जेवण. सरी?"

मी पण सरी, म्हणजे बरं, म्हणलं. घरी येऊन कडी लावली.

आन् तरी सगळ्या वठाराला त्यांचा उपयोग हुता हेही खरं. त्या वर्षात करंट सारखा जायचा, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, विचारायचं काम न्हाई. अशा वेळी अण्णा नळावर यायचे तर खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत रेडिओ, रेडिओला सायकलच्या ट्यूबनं ती वीट बांधलेली. सगळ्या गल्लीत अंधार आन् ह्यांच्या पिशवीत गाणं. एकदा तिसऱ्या खोलीतली सुनंदा, तोंडाळ एक नंबरची, म्हणाली, "अण्णा, पिशवीत कुठल्या बाईला घेऊन फिरताय?" मला तेवढं कन्नड कळायचं.

अण्णा शांतपणे म्हणाले, "बाईच आहे. पण दागिने मागत न्हाई, चार्ज मागते."

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग जयम्मा माझ्या कानात म्हणाली, "रेडिओ न्हवे तो. खबर पोचवायचं यंत्र असणार, वायर नसलेलं." आन् माझं हसू तिथंच गेलं. ती बाई असं हळूच सांगायची की खरंच वाटायचं.

गल्लीच्या तोंडाशी एक फुलंवाली बसायची, तिला सगळे हूवम्मा म्हणायचे. संध्याकाळी करंट गेला की तिची गिऱ्हाइकं जायची, फुलं ताजी का शिळी दिसतच न्हाईत तर कोण घेणार? अण्णांनी तिच्या टोपल्याच्या दांडीला एक बारका दिवा बांधून दिला, खाली वीट. त्या उजेडात तिचा मोगरा असा दिसायचा की माणसं सायकल थांबवायची. ती रोज त्यांना एक वीत गजरा द्यायची. घरात बाई न्हाई, आता गजऱ्याचं काय करतील? तर मांडणीवरल्या विटांवर ठेवायचे. जयम्मानं ते बघितलं आन् सगळ्यांना सांगितलं, "पूजा करतो त्या काळ्या विटांची." वर आणखी एक, "त्याच्या बायकोचं बाळंतपण सातव्या महिन्यात झालं हुतं. ना बायको राहिली, ना लेकरू. तेव्हापासनं असा. आपल्यातल्या पोटुशा बायकांनी लांबच राहावं."

आन् माझी पोरगी आठव्यालाच झाली. पावणेदोन किलो. कोंबडीचं पिल्लू बरं. दवाखान्यातनं घरी सोडताना डॉक्टरीण बाई म्हणाली, हिला थंडी हेच मरण, पाय गार पडले की समजायचं. छातीशी धरा, न्हाईतर खोक्यात कापूस घाला, वर बल्ब लावा. आम्ही मोसंब्याचं लाकडी खोकं आणलं. बल्ब लावला. पण करंट गेला की बल्ब गेला, मग मी आहे तशी बसायची तिला छातीशी धरून, जेवण न्हाई, मोरी न्हाई. पाय सारखे चाचपायचे. गारच असायचे ओ ते, नीट तापलेले मला कधी लागलेच न्हाईत.

पोरगी पंधरा दिवसांची झाली आन् नागोजीअण्णा दारात आले. आत आले न्हाईत. उंबऱ्याबाहेर उभे राहून खोक्याकडं बघत राहिले, लई वेळ.

"वजन किती मा?"

मी सांगितलं न्हाई. वजन कशाला पायजे ह्याला?

"करंट गेल्यावर काय करतेस?"

"धरते."

"किती वेळ धरशील मा." मग वाकले, उंबऱ्यावर गुडघा टेकला आन् खिशातनं सुतळी काढून खोकं मोजलं. लांबी, रुंदी, उंची. तीन गाठी मारल्या सुतळीला. "स्वल्प थांब, चार दिवस," म्हणाले आन् गेले.

जित्या लेकराचं खोकं सुतळीनं मोजतात का? आमच्याकडं सुतळीनं माप कशाचं घेतात ते मला माहीताय. मी त्या दिवशी मीठ-मिरच्या उतरवल्या, पोरीच्या पायाला काळा दोरा बांधला. हे लॉरीवर हुबळीकडं. सांगू कुणाला?

आन् मग तो शब्द. बाळ अठरा-एकोणीस दिवसांचं झालं असेल, अण्णा फाटकापाशी एका मेकॅनिकशी बोलत हुते, मी आत धुणं वाळत घालत हुते. मला पूर्ण कन्नड येत न्हाई पण एवढं स्पष्ट ऐकलं, "मगूगे चिक्क बुरुडे बेकु. एरडु." मगू म्हणजे बाळ. चिक्क म्हणजे बारकं. बेकु म्हणजे पायजे. एरडु, दोन. आन् बुरुडे? मी ल्हान असताना आमच्या शेजारच्या रानात विहीर खणताना कन्नड गडी एकदम वर पळून आले हुते, "बुरुडे, बुरुडे" ओरडत. खाली माणसाची कवटी निघाली हुती. बुरुडे म्हणजे कवटी.

बाळाची बारकी कवटी पायजे. दोन. असं म्हणाला हो तो माणूस. मी माझ्या कानानं ऐकलं.

म्हणून सांगितलं हे सगळं.

मी पळाले. सातव्या खोलीचं दार उघडंच हुतं. टेबलावर माझ्या पोरीचं खोकं. दोन्ही बाजूला एक एक काळी वीट. लाल वायर, काळी वायर, खोक्यात गेलेली. वरून घोंगडी, आतनं तांबूस उजेड. आन् नागोजीअण्णांचा हात कोपरापर्यंत खोक्यात.

मी असं किंचाळले की कबुतरं उडाली. "माझ्या लेकराची बुरुडे पायजे व्हय रे तुला! मुडद्या! बुरुडे पायजे!" सगळं वठार गोळा झालं, गल्लीतली माणसं आली. मी घोंगडी ओढली, वायर हाताला लागेल ती ओढाय लागले. अण्णांनी हात काढला, मागं सरकले, दोन्ही हात वर केले आन् हळूच म्हणाले, "स्वल्प जपून मा. आधी लेकरू उचल, मग वायर ओढ. बुरुडे तापलंय, भाजेल तिला."

आन् बोट दाखवलं. खोक्याच्या आत, जाळीच्या मागं, मोटारीचे दोन बारके बल्ब. बोराएवढे. पेटलेले.

बल्ब. इकडं बल्बला बुरुडे म्हणतात ओ. दिव्याची बुरुडे. आमच्या रानातल्या गड्यांनी मला अर्धाच शब्द शिकवला हुता.

मी पोरीला उचललं. तिचे पाय माझ्या तळहातात आले. आन् ते गरम हुते. पहिल्यांदा गरम. ओठ गुलाबी. ती जांभई देत हुती. मला त्याच मिनिटाला सगळं कळलं, हे मी तुमच्यापाशी लपवत न्हाई. सगळं म्हणजे सगळं. माप कशाला घेतलं ते, चार दिवस कशाला मागितले ते.

तेवढ्यात जयम्मा मागनं आली. तिचे ओले केस मी बघितले. माझ्या बाळापाशी बसायचं सोडून ती मोरीत गेली हुती, करंट गेला ते तिला कळलंच न्हाई. आन् ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मी नको नको म्हणत हुते! हिसकावून नेलं माझ्या हातातनं!"

अण्णांनी तिच्याकडं बघितलं. मग माझ्याकडं.  मी बोलेन म्हणून थांबले हुते. त्यांना दिसलं हुतं ना, माझ्या हातात पोरीचे पाय हुते ते.

आन् माझ्या डोक्यात काय चाललं हुतं सांगू? जयम्मा मालकीण. हिला खोटी पाडली तर संध्याकाळी माझं सामान रस्त्यावर, हे हुबळीला, हातात पावणेदोन किलोचं लेकरू आन् बाहेर वारा. एक हे. आन् दुसरं, रागही हुता ओ मला! मला न विचारता लेकराला हात का लावला? रांगेपर्यंत पळत यायला काय झालं हुतं?

मी गप्प राहिले.

समोरच्या रिक्षावाल्यानं त्यांच्या तोंडात मारली. चष्मा पडला. कुणीतरी टेबल उलथवलं, विटा फरशीवर आपटून फुटल्या आन् ते बारके डबे घरंगळत अंगणभर गेले, नळापर्यंत. अण्णा ओठाचं रक्त पुसत खाली बसले, चष्म्याशिवाय चाचपत, आन् म्हणत हुते, "मला मारा, सरी. पण ते चुलीत टाकू नका कुणी. फुटतात. पोरं आहेत घरात." एकेक डबा गोळा करत हुते. कुणी मदत केली न्हाई. मी पण न्हाई. माझे हात भरलेले हुते, असं मी मला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी जयम्मानं त्यांना खोली सोडायला लावली. मी खिडकी लावून घेतली हुती, गाडा गेल्याचा आवाज तेवढा ऐकला.

मग हूवम्मानं मला खरं सांगितलं. करंट गेला तसे अण्णा तिच्या टोपल्यापाशी हुते, तिथनंच पळत सुटले. जयम्माला तीन हाका मारल्या, आवाज तिनं ओळखला असणार, पण मोरीतनं कोण ओ देतंय. पोरगी निळी पडली हुती. हूवम्मा मागनं येईपर्यंत त्यांनी तिला शर्टाच्या आत घेतली हुती आन् दुसऱ्या हातानं वायर जोडत हुते. "तुला शोधायला मीच रांगेकडं गेले," ती म्हणाली, "पण तू तवर दुसऱ्या वाटेनं घरी पोचलीस."

हे आले तेव्हा मी सगळं सांगितलं. ह्यांनी आधी पोरीचे पाय चाचपले. मग म्हणाले, "माफी मागून ये." कुठं जाऊन मागू? कारखान्याचं नाव मी कधी विचारलं न्हवतं. तीन वर्षं एका नळाला पाणी भरलं, त्यांचं आडनाव मला माहीत न्हाई.

पोरगी जगली. करंट गेला की छातीशी धरून धरून मी तिला जगवली, असं सगळे म्हणतात. मी होय म्हणते.

चार वर्षं गेली. ह्यांच्या मित्राच्या बहिणीचं लग्न हुतं देवनहळ्ळीला, आम्ही बसनं गेलो. येताना हे तिकडंच थांबले, मी आन् पोरगी स्टँडवर. पोरगी आता काटक, एका जागी ठरत न्हाई, बाकड्याभोवती पळत हुती. बाकड्याच्या टोकाला एक म्हातारा माणूस बसला हुता, मांडीवर स्टीलचा डबा, डोळे बारीक करून बसची पाटी वाचत हुता. ती पळत पळत त्याच्या गुडघ्यावर आपटली. त्यानं तिला सावरलं आन् मराठीत म्हणाला, "स्वल्प हळू मा."

मी वळून बघितलं. ते हुते.

त्यांनी मला ओळखलं का न्हाई मला आजपर्यंत कळलं न्हाई. केस पांढरे, दात गेलेले. पोरीकडं बघत हुते, नखापासनं केसापर्यंत, जसं एखादी वस्तू नीट झाली का बघतात तसं. "किती वर्षांची?" म्हणाले.

"चार," पोरगीच म्हणाली, बोटं दाखवून.

त्यांचे खांदे हलले. मग त्यांनी हात वर केला, तिच्या डोक्यावर ठेवायला.

आन् मी तिला मागं ओढलं. दंडाला धरून, खसकन. ठरवून न्हाई ओ, शपथ घेऊन सांगते, माझा हातच गेला.

त्यांचा हात तसाच राहिला हवेत, थोडा वेळ. मग त्यांनी तो डब्यावर ठेवला. "सरी मा," म्हणाले, "सरी." त्यांची बस लागली हुती. चढले. खिडकीपाशी बसले आन् समोर बघत राहिले.

बस सुटायला अजून वेळ हुता. कंडक्टर खाली उभा राहून चहा पीत हुता. मी खिडकीखाली गेले असते तर त्यांनी ऐकलं असतं. पोरगी दंड चोळत विचारत हुती, "आई, का ओढलंस? काय केलं त्यांनी?" आन् मी तिथं उभी, कंडक्टर कप खाली ठेवतोय, शिट्टी तोंडाला लावतोय.

तुम्ही सगळी शिकलेली माणसं, तुम्हालाच विचारते. त्या अंगणात तुम्ही बोलला असता, मालकीण समोर असताना? वीस दिवसांचं लेकरू हातात घेऊन? आन् त्या खिडकीखाली काय म्हणला असता? आन् माझ्या पोरीला, सांगा ना, काय सांगितलं असतं तुम्ही?